सोमवारी न सांगितलेलं

गुरुवारी सकाळी रत्ना पोराला सोडायला आली नाही, तेव्हा तनयाला आधी हायसंच वाटलं. आज एकाच मुलाचं करायचं, असं तिने मनाशी म्हटलं. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येऊन पावाचे उंडे देऊन गेला, सासूबाईंचा चहा झाला, निहारने पेज अर्धी खाल्ली, अर्धी सांडली, तरी मागच्या खोल्यांकडून कुणाची चाहूल लागेना. रत्ना काम बुडवणारी बाई नव्हती. आज ती कामावर का गेली नसेल, याचं एक कारण तनयाला सुचत होतं आणि ते तिला नको होतं.

गोव्यातल्या शिरगावच्या या घराच्या मागे दोन भाड्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीत गेल्या पावसाळ्यापासून केरबा आणि रत्ना राहत होते. मूळचे चंदगडकडचे. केरबा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या कारखान्यात होता. त्यांचा दीपक तनयाच्या निहारपेक्षा दोन महिन्यांनी लहान. तनयाचा नवरा गौरेश बोटीवर, वर्षातले आठ महिने दर्यावर. घरात ती, सासू कमलाक्षी आणि निहार, एवढीच माणसं. त्यामुळे रत्नाची तिला सोबत होती. दिवाळीनंतर काजूच्या कारखान्यात बायका हव्या आहेत असं कळलं, तेव्हा तनयानेच तिला म्हटलं होतं, "जा तू. दीपकला माझ्याकडे ठेव. निहारला खेळायला कुणीतरी होईल." तेव्हापासून रत्ना सकाळी पोराला पाजून बल्कांवावर, पुढच्या ओसरीवर, आणून सोडायची, आणि दिवसभर तनया त्याला बाटलीने दूध द्यायची. अंगावरचं पिणारं पोर दोन दिवस रडलं, मग बाटलीला सरावलं. दोघं एकाच चटईवर लोळायची, एकाच्या तोंडातला खुळखुळा दुसऱ्याच्या तोंडात जायचा. बघणाऱ्याला बरं वाटायचं.

शनिवारी निहारला उलट्या झाल्या. मग पातळ परसाकडे, पाण्यासारखी.

"त्याका दात येतत गो," कमलाक्षी म्हणाली. "दात येताना पोट जाताच."

तनयाने तरी त्याला डिचोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, ओआरएसच्या पुड्या दिल्या, झिंकचं औषध दिलं आणि म्हणाले, "याचे जुलाबाच्या लसीचे थेंब सगळे झालेत ना? मग घाबरू नका, दोन दिवसांत उतरेल. पण हे लागट असतं. आठवडाभर दुसऱ्या लहान मुलांपासून लांब ठेवा आणि हात साबणाने धूत जा."

सोमवारपर्यंत निहार हसायला लागला होता. फक्त पोट अजून थोडं पातळ होतं. सकाळी रत्ना फाटकाशी आली, दीपक कडेवर, डबा हातात. कारखान्याची गाडी नाक्यावर उभी आहे म्हणून घाईत. तनया सांगणार होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितलं तर हिचा खाडा होणार, नवीन काम आहे, मुकादमीण बोलेल, आणि निहार तर बराच झालाय. तिने हात पुढे केले आणि दीपकला घेतलं.

त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. रस्ता खोदताना पाइप फुटला होता, आणि बाल्दीभर पाणी सगळीकडे पुरवून वापरायचं चाललं होतं; मागच्या खोलीत रत्ना बॅरलात साठवलेलं पाणी वापरत होती. दुपारी निहारने लंगोट भरला. तनयाने तो बदलला, तोच दीपक दुधासाठी किंचाळायला लागला. तिने तांब्याभर पाण्यात बोटं बुडवली, परकराला पुसली आणि बाटली भरली. दूध येतंय की नाही ते बघायला रबरी बूच बोटाने दाबून बघितलं, आणि दीपकच्या तोंडात दिलं.

हे सगळं तिला आता, गुरुवारी सकाळी, ओट्याशी उभ्या उभ्या आठवलं. ती मागच्या दाराने खाली उतरली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत आंबूस वास होता. रत्ना भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरलेले, आणि दीपक तिच्या मांड्यांवर आडवा. कोपऱ्यात धुवायच्या दुपट्यांचा ढीग.

"काय गं, काय झालं?"

"कालच्या सांजंपासनं," रत्ना म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आधी उलट्या. मग नुसतं पानी जातंय, वैनी. पांढरं पानी. आता उलटी थांबलीया, पर डोळं उघडंना झालंय."

"काही दिलंस त्याला?"

"काय ठरंचना पोटात. म्हणून रातीपासनं काय दिलं न्हाई. पोटाला जरा इसावा."

तनया खाली बसली. निहारची दोन दिवसांची सारी चिंता तिला एकदम खेळ वाटली. या पोराचे डोळे खोबणीत गेले होते. ओठांना साल धरली होती. टाळूवर हात ठेवला तर बोट खळग्यात गेल्यासारखं झालं. तिने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, ओल्या पिठासारखी, आणि मग हळूहळू बसली. पोर कण्हलं, पण रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं.

"शू कधी केली होती?"

रत्नाने आठवून बघितलं. तिला आठवेना. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली. रात्रभर जागून ती परसाकडचीच दुपटी बदलत राहिली होती, पोराने शू केलेलीच नाही हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"केरबा कुठे आहे?"

"पाळीवर. फोन भाईर ठेवून घेत्यात त्यांचा."

"ऊठ. असंच घे त्याला. मी गाडी काढते."

रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती साखळी गावाकडे गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. तनयाने गौरेशची गाडी बाहेर काढली. ती चालवायची, पण बाजारापुरतीच. निहारला सासूच्या कडेवर दिलं. शनिवारच्या उरलेल्या पुड्यांतली एक उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली, एक वाटी आणि एक कुलेर घेतलं. दूध ढवळायचं हे कुलेर, लहान चमचा, घरातल्या पोरांचं होतं.

कमलाक्षी दारात उभी होती. आवाज न चोरता ती म्हणाली, "त्या बॅरलातला पाणी पितत. मी कितके वेळा सांगितलंय. स्वच्छता नाय तर असाच होतला."

रत्नाने ऐकलं. मान खाली घालून ती मागच्या सीटवर बसली. तनयाच्या जिभेवर काहीतरी आलं, पण तिने गाडी चालू केली.

"एक कुलेर दे त्याला," ती मागे न वळता म्हणाली. "ओठांच्या कडेने. घोट घेतला की मग दुसरं. घाई करू नको."

"उलटी करंल."

"करू दे. केली तर जरा थांब, आणि परत दे. थांबवायचं मात्र नाही."

आरशात तिला रत्नाचा हात दिसत होता. कुलेर ओठांशी जायचं, अर्धं पाणी गालावरून ओघळायचं, अर्धं आत. एकदा दीपकने गिळलं. रत्नाने दुसरं कुलेर भरलं.

देवळाच्या पुढचं वळण घेतलं आणि तनयाने करकचून ब्रेक दाबला. समोर खनिजाचे टिप्पर एकामागे एक उभे होते, ताडपत्र्या बांधलेले, लाल धुळीत माखलेले. पाइपासाठी खणलेल्या चरामुळे अर्धा रस्ता गेला होता, आणि उरलेल्या अर्ध्यात समोरून येणारा टिप्पर अडकला होता. पलीकडून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मागे वळायला जागा नव्हती. तनयाने हॉर्नवर हात ठेवला, पण तिच्या गाडीचा आवाज त्या गोंगाटात कुठेच पोचत नव्हता.

मागून ओकारीचा आवाज आला. पाणी परत आलं होतं, रत्नाच्या पदरावर, सीटवर.

"वैनी," रत्ना म्हणाली. "ह्याचं हात गार पडल्यात."

तनया उतरली आणि धावत गेली. पहिल्या टिप्परचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून बिडी पीत होता. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला.

"मामा, गाडीत तान्हं पोर आहे. पाणी पाणी होऊन गळून गेलंय. मला जाऊ दे."

"जातलंस खंयसून, बाय? पुढे बघ."

"तू ये आणि पोराला बघ. मग सांग."

तो आला. गाडीच्या काचेतून आत बघितलं. रत्नाने त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, ती पोराच्या पावलांवर हात चोळत होती. ड्रायव्हरने बिडी टाकली आणि पुढे चालत गेला. दोन टिप्परांच्या फळ्या त्याने हाताने बडवल्या, कुणाला शिव्या दिल्या, कुणाला विनवलं. मग समोर अडकलेलं ते अजस्र धूड इंचाइंचाने मागे सरकायला लागलं, त्याची मागची चाकं चराच्या कडेला माती ढासळवत. तेवढा वेळ तनया स्टिअरिंगला घट्ट धरून बसली होती. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. शनिवारी डॉक्टर काय म्हणाले होते, सोमवारी फाटकाशी रत्ना किती वेळ उभी होती, आणि तेवढ्या वेळात काय काय सांगता आलं असतं.

वाट झाली. ड्रायव्हरने हात हलवला. ती पलीकडे निघाली तेव्हा गाडीची डावी बाजू टिप्परला घासत गेल्याचा आवाज तिने ऐकला, पण थांबली नाही.

डिचोलीच्या सरकारी इस्पितळात दुपट्यातलं पोर बघताच सिस्टरने त्याला रत्नाच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं. सुशीला नाव होतं तिचं, केस पिकत आलेले, हात मात्र झरझर चालणारे. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनीही तनयासारखीच पोटाची कातडी चिमटीत धरली, टाळूवर बोट ठेवलं, आणि म्हणाल्या, "सलाईन. आत्ता."

शीर सापडेना. उजव्या हाताला सुई गेली, बाहेर आली. डाव्या हाताला गेली, तिथे नुसताच फुगा आला. दीपक रडलासुद्धा नाही, नुसता तोंड वासून राहिला, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. रत्ना भिंतीशी उभी होती, दोन्ही तळवे भिंतीला चिकटवून. सिस्टरने पायाचा घोटा चोळला, टिचक्या मारल्या, वाकून बघितलं. बाहेर औषधाच्या खिडकीशी कुणीतरी मोठ्याने नाव पुकारत होतं.

"मिळाली," सिस्टर म्हणाली आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

सलाईनचं पाणी नळीतून पडायला लागलं, तेव्हा डॉक्टर रत्नाकडे वळल्या. पोर किती महिन्यांचं, परसाकडेत रक्त होतं का, ताप होता का. रत्ना उत्तरं देत होती. थेंब झालेत का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा पाजल्यात गावाला. मग हिकडं आलो, ऱ्हाऊन गेलं."

"पाणी कुठलं पिता?"

"बॅरलातलं." रत्नाचा आवाज कापला. "नळ बंद हाय. मी गाळून घेती, पर उकळलं न्हाई. माझ्याच हातनं झालं, डॉक्टर. घरमालकीण मावशी बोलत हुत्या, मीच ध्यान दिलं न्हाई."

"घरात, शेजारी अजून कुणाला होतंय? मोठ्यांना, लहानांना?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

तनया दाराजवळ उभी होती. इथून पुढे ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. पाण्यावर खापर फुटलं असतं, बॅरल ओतून दिला असता, रत्नाने जन्मभर स्वतःला बोल लावला असता आणि वैनींनी पोर वाचवलं असं चंदगडला जाऊन सांगितलं असतं. तिला हे सगळं एका क्षणात दिसलं.

"माझ्या मुलाला झालं होतं," ती म्हणाली. "शनिवारी."

डॉक्टरांनी वळून बघितलं. "तुम्ही कोण?"

"हा दिवसभर माझ्याकडे असतो. त्याचं दूध मीच करते. माझ्या मुलाला शनिवारी उलट्या, जुलाब झाले. दवाखान्यात सांगितलं होतं, दुसऱ्या मुलांपासून लांब ठेवा म्हणून. सोमवारी मी याला घेतलं. मंगळवारी, बुधवारी पण. सोमवारी त्याचा लंगोट बदलून मी नीट हात न धुता याची बाटली भरली. साबण नाही लावला."

बोलताना ती डॉक्टरांकडेच बघत होती. रत्नाकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

"तुमच्या मुलाचे डोस पूर्ण आहेत?"

"हो."

"म्हणून तो घरच्या घरी बरा झाला," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना राग होता ना दिलासा. "बहुतेक रोटा व्हायरस. थंडीत आमच्याकडे अशी मुलं येतातच. पाण्याने होतं तसं हाताने पण होतं, खेळण्याने पण होतं. चांगल्या घरात पण होतं." मग त्या रत्नाला म्हणाल्या, "बरं झालं हे कळलं. उगाच भलती औषधं द्यायला नकोत. आता पाणी भरून काढायचं, एवढंच काम. तो गिळायला लागला की लगेच अंगावर घ्या. उपाशी ठेवायचं नाही. आणि शू झाली की मला सांगा. त्याचीच वाट बघायची आहे आपल्याला."

त्या गेल्या. सिस्टर नळीची कळ बघून गेली. खोलीत त्या दोघी आणि पोर राहिलं.

रत्नाने स्टूल खाटेजवळ ओढलं, दीपकच्या लंगोटाखाली हात घालून बघितला आणि बाहेर काढला. कोरडा. थोड्या वेळाने पुन्हा. कोरडा. तनया भिंतीशीच उभी होती. बसावं की नाही तिला कळत नव्हतं. मध्येच कमलाक्षीचा फोन आला. निहार खेळतोय म्हणाली, आणि मग म्हणाली, "आता त्येंका खोली खाली करूक सांग. अशी माणसा घरात नको. आपलो पोर लहान."

तनया बाहेर व्हरांड्यात गेली. "आई, आपल्याच घरातून गेलंय ते," ती म्हणाली. "निहारकडून. माझ्या हातून. मी डॉक्टरांना सांगितलं, रत्नासमोर सांगितलं."

कमलाक्षी म्हणाली, "लोकांसमोर कित्याक सांगितलंस?" आणि फोन बंद झाला.

दुपार उतरायला लागली. सलाईनची दुसरी बाटली लागली. पोराचे ओठ जरा ओले दिसत होते, पावलं मघापेक्षा ऊबदार होती, पण लंगोट कोरडाच. डॉक्टर येऊन बघून गेल्या आणि सिस्टरला हळू आवाजात म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत नाही झाली तर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवू. रत्नाने ते ऐकलं. ती उठली, खाटेच्या कडेला उभी राहिली आणि पोराच्या ओटीपोटावर हलकेच हात फिरवायला लागली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की पोराशी बोलत होती, कळत नव्हतं.

केरबा आला तो कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. पाळी सुटल्यावर त्याला निरोप मिळाला होता. त्याने पोराला बघितलं, नळी बघितली आणि दारातल्या तनयापुढे हात जोडले. "तुमी हुता म्हणून, वैनी."

तनयाने रत्नाकडे बघितलं. रत्ना पोराकडेच बघत होती. तनयाला वाटलं, आता सांगेल. रत्नाने सांगितलं नाही. पण तुमी हुता म्हणून, या शब्दांना तिने हूं सुद्धा म्हटलं नाही, आणि केरबाचे हात जोडलेलेच राहिले.

"हात जोडू नकोस, केरबा," तनया म्हणाली. "आधी माझं ऐक." आणि तिने त्यालाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

केरबाने हात खाली घेतले. तो काही बोलणार, एवढ्यात रत्ना म्हणाली, "झाली."

तिचा हात लंगोटाखाली होता. तिने तो बाहेर काढून बघितला, वास घेतला, पुन्हा घातला. "शू हाय. परसाकडं न्हाई, शू हाय." ती सिस्टरला हाक मारायला गेली नाही, केरबालाच पाठवलं. स्वतः मटकन स्टुलावर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली, ओला हात छातीशी धरून.

सुशीला सिस्टर आली, लंगोट उचलून वजन केल्यासारखा हातात तोलला आणि म्हणाली, "भरपूर आहे. घे त्याला, अंगावर लाव बघू." नळी सांभाळत रत्नाने पोराला छातीशी घेतलं. त्याने दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा धरलं.

तनया निघाली. दारापर्यंत गेली असेल, तोच मागून रत्नाचा आवाज आला.

"सोमवारी का सांगितलं न्हाईसा?"

तनया वळली. "तुझा खाडा होईल म्हणून. नवीन काम आहे. आणि निहार बरा झाला होता, मला वाटलं काही होणार नाही."

"मला इचारायचं हुतं," रत्ना म्हणाली. "कामावर जायाचं का ऱ्हायाचं, ते मी बघितलं असतं. माझं पोर हाय."

"हो," तनया म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दीपकला घरी सोडलं. रत्ना पुन्हा काजूच्या कारखान्यात गेली नाही. पोर चालायला लागेपर्यंत कुठे जाणार नाही म्हणाली. केरबाने दुसरी खोली बघायला सुरुवात केली होती, मग का कोण जाणे, बघणं सोडलं. कमलाक्षी आठवडाभर सुनेशी कामापुरतंच बोलली. मात्र रोज सकाळी ती मऊ पेज एका भांड्यात काढून मागच्या पायरीवर नेऊन ठेवायची, हाक न मारता, आणि भांडं घासून परत आलेलं असायचं. दीपकच्या राहिलेल्या थेंबांतला पुढचा डोस झाला. आरोग्य केंद्रात त्याला केरबा घेऊन गेला. निहार चटईवर एकटाच खेळायचा आणि मागच्या दाराकडे बघून बडबडायचा. तनयाने त्याला कधी मागे नेलं नाही. नेलं असतं तर रत्नाने हाकललं नसतं, पण तिला ते विचारायची हिंमत होत नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यावर, एका दुपारी रत्ना बल्कांवाच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. दीपक कडेवर होता, गाल पुन्हा भरलेले. ती वर आली नाही.

"वसाहतीच्या मागं त्या पत्र्याच्या खोल्या हैत न्हवं," ती म्हणाली. "तिथं बेळगावकडची नवी माणसं आल्यात. त्यातल्या स्वातीचं पोर हागतंय कालपासनं. आमच्या ह्यांच्याबरोबर तिचा नवरा कामाला हाय, त्यो सांगत हुता. तिनं पानी बंद केलंय पोराचं. मी फोनवर सांगितलं, ती ऐकंना. गाडी काढता?"

तनयाने निहारला सासूकडे दिलं. या वेळी तिला कुणी काही सांगायच्या आत तिने नळाखाली साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, आणि किल्ली घेतली. रत्नाच्या मांडीवरच्या पिशवीत पुड्या होत्या. त्या तिने कुठून आणल्या, तनयाने विचारलं नाही.

पत्र्याच्या खोलीत उकाडा होता. स्वाती विशीतली होती, पोर तिच्या पदराखाली, आणि दारात दोन बायका बघून ती मागे सरकली. तनयाकडे, तिच्या साडीकडे, हातातल्या गाडीच्या किल्लीकडे ती संशयाने बघत होती.

"पोटाला इसावा द्यायला पायजे," ती म्हणाली. "माझी आई असंच करायची."

"मीबी तेच केलं," रत्ना म्हणाली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने पोराचं पोट चिमटीत धरून सोडलं. कातडी लगेच बसली. अजून वेळ होता. रत्नाचा श्वास सुटल्याचं तनयाला ऐकू आलं. "माझं पोर मरायला टेकलं हुतं. पाय गार पडलं हुतं. शीर सापडत नव्हती. डॉक्टरीन म्हणाली, पानी द्यायला पायजे हुतं, घोटघोट, उलटी केली तरी द्यायला पायजे हुतं."

"तुझ्या पोराला कशानं झालं?"

रत्नाने दीपकला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग मान वर न करता तिने हाताने तनयाकडे दाखवलं.

"ह्यांच्या पोराचं लागलं," ती म्हणाली. "ह्यांनी हात न्हाई धुतलं. मोठं घर हाय, शिकलेल्या हैत, तरीबी झालं. म्हणून तुला सांगाय आलो. तुझ्याबी हातनं हुईल."

स्वातीने तनयाकडे बघितलं. खरं की खोटं, हे तिला त्या चेहऱ्यावरून वाचायचं होतं.

"खरं आहे," तनया म्हणाली, आणि पाणी उकळायला भांडं कुठे आहे ते विचारलं.